खाऱ्या पाण्यातलं कॉकटेल

मे महिन्यात वऱ्हाडात निघालेल्या पुणेकराला लोक जे जे सांगतात, ते सगळं मला सांगून झालं होतं. खिशात कांदा ठेवा, डोक्याला उपरणं गुंडाळा, दुपारचं बाहेर पडू नका. तिकडे काही गावांत पाणी खारं असतं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पुण्याहून पाण्याच्या बाटल्या नेल्या असत्या, माझं काम बिनबोभाट पार पडलं असतं आणि आज लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नसतं.

आधी माझा धंदा सांगतो. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका पारशी शेठच्या विलायती मद्याच्या दुकानात मी नोकरीला आहे. मी स्वतः थेंबभर घेत नाही. पण मद्यं मिसळायचं काम मापाने आणि नाकाने चालतं, जिभेचा त्यात फारसा संबंध येत नाही. उन्हाळ्यात साहेबलोकांच्या मेजवान्यांना शेठ मलाच पाठवतात. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक, चमचाभर क्युरासाव (संत्र्याच्या सालीची गोड दारू) आणि बर्फ, हे सगळं झाकणाच्या डब्यात खळखळवायचं, वर सोडा ओतायचा, पुदिन्याचं पान खोचायचं. याला कॉकटेल म्हणतात. पिणारे डोळे मिटून ‘आहा’ करतात आणि मी न चाखताच मान डोलावतो.

तर बुलढाणा जिल्ह्यातून गुलाबराव पाटील नावाच्या एका बागायतदाराचा शेठना निरोप आला. त्यांच्याकडे एक बॅरिस्टर येणार होते. ते विलायतेत राहून आलेले, उन्हाळ्यात असली थंड पेयं घेणारे. तरी बाटल्या आणि सोबत एक जाणता माणूस पाठवावा. शेठनी बाटल्या मोजून दिल्या, डझनभर विलायती ग्लास देवदारी खोक्यात पेंढा घालून बसवले आणि मला बजावलं, ‘‘बाटल्या संपल्या तरी चालतील, ग्लास परत आले पाहिजेत.’’

भुसावळला गाडी थांबली तेव्हा बर्फाची लादी घेतली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून बाकाखाली सारली. शेगावला उतरलो ते भर बारा वाजता. फलाटावर पाऊल ठेवताच कोणी भट्टीचं दार उघडावं तशी हवा अंगावर आली. मला न्यायला दमणी (छपराची हलकी बैलगाडी) आली होती. गाडीवान किसन नावाचा चाळिशीचा गडी. माझ्या खोक्यांकडे आणि गळणाऱ्या गोणपाटाकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

‘‘भाऊ, हे काय गळून राह्यलं?’’

‘‘बर्फ आहे.’’

‘‘मंग गावात पोचेलोक पाणीच नेऊन राह्यले तुमी,’’ तो म्हणाला आणि बैल हाकले.

त्याचं खरंच झालं. पूर्णा नदीपर्यंत येतो तो लादीचा नारळाएवढा गोळा उरला. नदीत पाणी घोट्याएवढं, बाकी वाळूच वाळू. त्या वाळूत एक चाक रुतलं, गाडी कलली, खोकी एका बाजूला घसरली आणि ग्लासांच्या खोक्यातून किणकिण असा आवाज आला. उघडून बघायला धीर होईना. किसन उरलेला बर्फ हातात घेऊन उभा होता. ‘‘असा का कसा थंडा!’’ म्हणत त्याने तो आधी स्वतःच्या गालाला लावला, मग दोन्ही बैलांच्या कपाळावरून फिरवला. तेवढ्या बर्फात बॅरिस्टरचं काही व्हायचं नव्हतं, बैलांचं तरी भलं झालं.

नदी ओलांडल्यावर सपाट काळी रानं लागली. एका झाडाखाली किसनने मला त्याच्या मडक्यातलं पाणी दिलं. मी घोट घेतला आणि थुंकून टाकला.

‘‘यात मीठ पडलंय.’’

‘‘मीठ नाई जी, पाणीच खारं. इकडं सारं असंच.’’

‘‘मग तुम्ही पिता काय?’’

‘‘हेच.’’

‘‘एकही गोड विहीर नाही?’’

‘‘हाये ना. पाटलाईच्या मळ्यातच हाये. पन थिचं पाणी नाई चालत.’’

‘‘का?’’

‘‘गोड हाये म्हणून.’’

उन्हाने याचं डोकं फिरलं की माझं, तेच कळेना. शेवटी त्याने नीट उलगडून सांगितलं. गुलाबरावांच्या वडिलांनी ती विहीर खणली, तिला नशिबाने गोड पाणी लागलं आणि त्यावर त्यांनी लिंबाची बाग उठवली. वडील गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. विहीर नेमकी धुऱ्यावर (दोन शेतांमधल्या बांधावर) आली. मोटेच्या पाळीवरून थोरले गुलाबराव आणि धाकटे संपतराव एकमेकांवर काठ्या घेऊन धावले. तेव्हा गावच्या पंचांनी विहिरीवर काटे टाकले : भाऊ एक होत नाहीत तोवर पाणी कोणीच काढायचं नाही. त्याला दोन उन्हाळे झाले होते. लिंबं वाळत चालली होती. कोर्टात गेलं तर आधी अकोला, मग थेट नागपूर. म्हणून दोघांनी या बॅरिस्टरना लवाद नेमलं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मळ्यातच निकाल देणार होते.

‘‘बाग हे साल नाई काढत,’’ किसन म्हणाला. ‘‘म्या सोताच्या हातानं कलमं लावली थे. बारिष्टरनं एकाले इहीर देली, त दुसऱ्याची बाग गेली. अन् भाऊबी गेला.’’

वरवट बकाल हे गाव मागे टाकून दिवस कलायच्या सुमाराला पाटलांचं गाव आलं. गुलाबराव उंच, मिशीवाले, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. साबण लावला तर फेस येईना. चहा आला, तोही खारट. जेवायला कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) आणि ताक. मीठ वेगळं घालायची गरज नव्हती. उद्या संध्याकाळी याच पाण्याचा पाक करून विलायत पाहिलेल्या माणसाला पाजायचा होता.

सकाळी अनुसयाबाई खोकी बघायला आल्या. बाई बोलायला मोकळी, पण डोळे सगळीकडे. पहिल्यांदा बाटल्या पाहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘भाऊ, हे चुलीजवळ नका ठेवू. मळ्यातल्या खोपीत ठेवू सारं.’’

‘‘चालेल वहिनी.’’

‘‘अन् हे तुमी देता कसं? एकाच गिलासात साऱ्याईले?’’

‘‘छे! प्रत्येकाला वेगळा ग्लास. उष्टं कोण घेईल?’’

‘‘हाव, थेबी खरंच हाये,’’ त्या म्हणाल्या आणि ग्लासांचं खोकं स्वतः उचलून निघाल्या.

जरा वेळाने सुपात काचा घेऊन परत आल्या. ‘‘भाऊ, नदीतच घात झाला. सारे फुटले. एकच राह्यला.’’

मी सुपातल्या काचांकडे पाहिलं आणि मला शेठचा चेहरा दिसला. मटकन खालीच बसलो. मग सुचलं, म्हटलं, ‘‘वहिनी, घरातले पितळी पेले काढा मग.’’

‘‘पितळेत लिंबू कळकते, भाऊ.’’

पितळेने आंबटाची चव बिघडते, ते तर मलाही ठाऊक होतं. ‘‘चहाचे कप?’’

‘‘त्याईले चहाचा वास मुरला हाये. तुमचं महागाचं औषध वाया जाईन.’’

एक ग्लास आणि मिसळायला एक नवा माठ, एवढ्यावर मेजवानी करायची ठरली. पंच आणि गडीमाणसं असलं काही घेणार नव्हती. त्यांच्यासाठी पान होतं. बॅरिस्टर आणि दोघे भाऊ, तिघांचाच प्रश्न होता. एकाने पिऊन झालं की ग्लास धुऊन दुसऱ्याला, असं मी मनात पक्कं केलं.

दुपारी लिंबं तोडायला मळ्यात गेलो. झाडांची पानं गुंडाळली गेली होती. लिंबं सुपारीएवढी, साल जाड, रस चार थेंब. मधोमध ती विहीर, तिच्यावर बोराटीच्या (काटेरी बोरीच्या) फांद्यांचा ढीग. वाकून पाहिलं तर फटीतून खाली निळंशार पाणी दिसलं. इतकं जवळ, इतकं पुष्कळ. तोंडाला कोरड पडली होती माझ्या, आणि मला त्या पाण्याचा, त्या भावांचा, सगळ्यांचाच राग आला.

‘‘पुन्याचे पाहुने का?’’ धुऱ्यापलीकडून आवाज आला. संपतराव. थोरल्यासारखेच उंच, तशीच मिशी, फक्त काळी. ‘‘लिंबं इकडून घ्या, माह्या बाजूले जरा बरी हायेत. अन् एक सांगतो, बारिष्टरले कमी पाजजा. त्याचं डोस्कं शाबूत राह्यलं पायजे.’’

मी मान डोलावली. खोपीत आलो तर गुलाबराव उभे. ‘‘पाहुने, बारिष्टरले जरा जास्तीच होऊ द्या. मन मोकळं झालं पायजे त्याचं.’’

मी त्यांनाही मान डोलावली. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच अनुसयाबाई आल्या. ‘‘बारिष्टरचं जाऊ द्या, भाऊ. ह्या दोघाईलेच बरोबर द्या,’’ म्हणाल्या. जास्त, कमी, बरोबर! माझ्या मापांच्या पट्टीवर यातलं एकही माप नव्हतं. घरी असतो तर चक्क डोक्यावर पांघरूण घेऊन झोपलो असतो.

लिंबं पिळायला त्याही बसल्या. संपतरावांच्या बाजूची लिंबं त्यांनी निवडून वेगळी घेतली, हातात धरून एक हुंगलं. ‘‘हे गोकर्णाच्या झाडाचं हाये,’’ म्हणाल्या. गोकर्णा ही संपतरावांची बायको. तीच अनुसयाबाईंची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. ‘‘दोन साल झाले, भाऊ, बोलली नाई माह्यासंग. बोलली नाई म्हंजे, बोलू देत नाईत. पोरगी झाली तिले, थेबी म्या धुऱ्यावरूनच पाह्यली.’’ हे सांगतानाही त्यांनी हातातलं लिंबू पिळणं थांबवलं नाही. त्यांच्या बोटांच्या चिरा खाऱ्या पाण्याने उकललेल्या होत्या आणि त्यांत लिंबाचा रस झोंबत असणार.

उन्हं कलल्यावर बागेत सतरंज्या पडल्या. बॅरिस्टर मोटारीतून आले. गोरटेले, स्थूल, घामाघूम. स्वतःचा चांदीचा कप ते खिशातच बाळगत. दुसऱ्याच्या भांड्यातून पीत नसत म्हणे. एका झाडाखाली तीन म्हातारे पंच. गुलाबराव धुऱ्याच्या अलीकडे, संपतराव पलीकडे, तोंड अर्धवट फिरवून. गोकर्णा आपल्या बाजूच्या खोपीच्या दारात, कडेवर मूल. मी माठात जिन, क्युरासाव, रस, पाक सगळं एकत्र केलं. सोड्याच्या बाटल्यांनी उन्हात आधीच दगा दिला होता, त्यामुळे वर खारंच पाणी. बर्फ तर बैलांनी संपवलेला. पुदिन्याचं पान मात्र मी शिरस्त्याप्रमाणे खोचलं.

बॅरिस्टरनी आपल्या कपातून घोट घेतला. ‘आहा’ काही आलं नाही.

‘‘यात मीठ घालायची ही नवी पद्धत का?’’

‘‘पाणी, साहेब,’’ मी कसंबसं म्हणालो.

‘‘पाणी!’’ ते म्हणाले आणि त्यांनी काट्यांच्या त्या ढिगाकडे पाहिलं.

मी ग्लास भरून गुलाबरावांना दिला. त्यांनी अर्धा प्यायला, मिशी पुसली आणि ग्लास खाली ठेवला. आता धुवायचा म्हणून मी पाण्याची घागर शोधू लागलो. मघाशी माठाशेजारी होती, आता नव्हती. पाहतो तो अनुसयाबाई लांब लिंबाच्या झाडाआड घागर कमरेवर घेऊन उभ्या. मी हात केला. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. बॅरिस्टर घड्याळ बघत होते. आता काय करावं? शेवटी उरलेलं ओतून टाकलं, रुमालाने कड पुसली, माठातून ग्लास पुन्हा भरला आणि धुरा ओलांडून संपतरावांपुढे धरला.

पंचांची पानं चघळायची थांबली. किसन गाडीच्या जुवाशी उभा होता, तो दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, खारट कॉकटेलचा हा बोभाटा झाला आणि आता माझी शोभा होणार.

संपतरावांनी ग्लास घेतला. ‘‘ह्यो दादाचा गिलास ना?’’

‘‘हो. एकच राहिलाय. पण पुसलाय मी स्वच्छ.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते भावाकडे पाहत होते. गुलाबराव वाळलेल्या लिंबांकडे. गोकर्णाच्या कडेवरचं मूल किंचाळलं. मग गुलाबराव घसा खाकरून म्हणाले, ‘‘खारं झालं हाये, संपत.’’

‘‘तू पेला ना?’’

‘‘हाव.’’

‘‘मंग?’’ संपतराव म्हणाले आणि त्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला.

एका पंचाने काठी जमिनीवर आपटली. ‘‘एका भांड्यातून पेले दोघं. झालं! आता काटे काढा.’’

मी तसाच रिकामा ग्लास धरून उभा. शेवटी बॅरिस्टरना माझी दया आली. ‘‘इकडची रीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वैर असलेले दोघे एका भांड्यातलं प्यायले, की वैर संपलं. मग त्यावर कोणी न्याय मागायचा नाही आणि कोणी द्यायचाही नाही. आज मी फुकटच आलो म्हणायचं.’’

गुलाबराव विहिरीपाशी गेले होते. गडी पुढे झाले, त्यांना हातानेच मागे सारून त्यांनी पहिली फांदी ओढली. काटा लागला असावा. हात झटकला आणि दुसरी ओढली. पलीकडून संपतराव आले आणि दुसऱ्या टोकाला भिडले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, नुसते काटे ओढत होते. किसन मात्र उपरण्याने डोळे पुसत बैलांशी बोलत होता.

अनुसयाबाई झाडाआडून पुढे आल्या. कमरेवरची घागर त्यांनी जमिनीवर उलटी केली. ती काठोकाठ भरलेली होती. ते खारं पाणी मातीत जिरायच्या आत गोकर्णा धुरा ओलांडून धावत आली आणि ‘‘माय, अनू’’ एवढंच म्हणून बहिणीच्या गळ्यात पडली. दोघींच्या मध्ये ते मूल चेंगरून रडायला लागलं आणि बाकीचे सगळे हसायला लागले. माझे डोळे का भरून आले, ते मला सांगता येणार नाही. माझा तिथे काही संबंधच नव्हता.

पहिली बादली वर आली ती बॅरिस्टरनीच मागून घेतली. ‘‘आता करा बघू,’’ म्हणाले. मी त्या पाण्यात पाक केला, जिन घातली, क्युरासाव घातली. बर्फ नव्हता, पण विहिरीच्या तळाचा गारवा होता. बॅरिस्टरनी डोळे मिटले आणि ‘आहा’ म्हणाले. दोघा भावांनी माझं कॉकटेल बाजूला सारलं आणि ओंजळीने पाणी प्यायलं. माझ्या हुन्नराचा एवढा अपमान कधी झाला नव्हता. पण मीही कॉकटेल सोडून ओंजळच पुढे केली.

भावांनी प्यायलेला तो एक ग्लास अनुसयाबाईंनी ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी किसनने मला शेगावला पोचवलं. वाटेत पूर्णेच्या वाळूत पुन्हा गाडी कलली, ग्लासांच्या खोक्यातून पुन्हा किणकिण आली. मी दचकलो. रिकामं खोकं वाजतं कसं?

‘‘किसन, यात काय भरलंय?’’

‘‘मले काय माहीत, भाऊ? पाटलीनबाईनं सोता बांधून देलं,’’ तो म्हणाला, पण हसू त्याच्या मिशीत मावेना.

शेगावच्या फलाटावर खोकं उघडलं. पेंढ्याच्या जागी पिंजलेला कापूस होता आणि कापसात एकेक गुंडाळलेले माझे ग्लास. धुतलेले, चकचकीत. नदीत फुटले होते ते दोनच. त्यांच्याच काचा त्या बाईने सुपात पसरून मला दाखवल्या होत्या. आणि मी त्या बघून मटकन खाली बसलो होतो! पितळेत लिंबू कळकतं, कपाला वास मुरलाय, घागर झाडाआड. गाडी येईपर्यंत मी एकेक गोष्ट आठवत फलाटावर फेऱ्या घातल्या आणि हमालांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

तरी अजून एक मला उमगलेलं नाही. ग्लास खाली ठेवताना गुलाबरावांना अनुसयाबाईंचा बेत कळला होता का? आणि संपतरावांना? की दोघेही दोन उन्हाळे एखाद्या निमित्तासाठीच थांबले होते आणि मी पुण्याहून ते गाडीत घालून नेलं? पुष्कळ विचार केला. मी मद्यं मिसळतो खरा, पण यात काय काय मिसळलं होतं ते मला ओळखता आलं नाही.

दुकानात पोचल्याबरोबर शेठनी खोकं पुढे ओढलं आणि ग्लास काढून मांडायला सुरुवात केली. नऊ झाले आणि खोक्यात नुसता कापूस उरला.

‘‘बाकीचे?’’

‘‘दोन फुटले,’’ मी म्हणालो. ‘‘एक तिकडेच लागणार होता.’’